लाकडांच्या शेडमागची टेकडी

मे महिन्यात माझ्या मुलाने, कर्टिसने, मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि मी जणू शाळेत नापास झालेय अशा सुरात सांगितलं, की पुढच्या हिवाळ्यात सेप्टिक, म्हणजे सांडपाण्याची टाकी आणि पाइप, पुन्हा गोठलं तर हे घर विकायचं. मग मी मिनिॲपोलिसला, त्याच्या घराजवळच्या एका इमारतीत राहायला जायचं. तिथे लिफ्ट आहे, खाली जेवणाचा हॉल आहे, आणि दर गुरुवारी म्हाताऱ्यांसमोर कोणीतरी ॲकॉर्डियन वाजवायला येतं. मी म्हटलं, बरं. ॲकॉर्डियनचं नाव ऐकलं तेव्हाच माझं ठरलं होतं, की यंदा सेप्टिक गोठू द्यायचं नाही.

कर्टिसचंही अगदीच चुकत होतं असं नाही. गेल्या जानेवारीत एका सकाळी संडासातलं पाणी खाली जायचं थांबलं. आमच्या भागातल्या टाक्या उपसणारा लायल वाफेचं यंत्र घेऊन आला आणि त्याने घरापासून टाकीपर्यंतचा पाइप मोकळा केला. चार दिवसांत तो पुन्हा गोठला. पुन्हा वाफ, पुन्हा बर्फ. तिसऱ्या खेपेला लायलनेच हात टेकले. त्यानंतर पाच आठवडे मी बादलीवर काढले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बाहेर शून्याखाली तीस, आणि हातात झाकण लावलेली बादली. सौना म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची लाकडी खोली; आमच्या सौनाचं पाणीही त्याच पाइपात जातं, म्हणून अंघोळीला शेजारच्या आर्विडच्या सौनात जायचं, तेही तो गावात गेलाय हे बघून. शेवटी कर्टिस येऊन मला घेऊन गेला. एप्रिल संपेपर्यंत मी त्याच्याकडे होते आणि तेवढ्या दिवसांत एकदाही वेलदोड्याचा पाव भाजला नाही, कारण सुनेला ओव्हन स्वच्छ लागतो.

मुलगा माझा मायाळू आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्याचे वडील गेल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात त्याने तळघरातली जुनी, धडधडणारी भट्टी काढून नवी कोरी बसवून दिली. आवाज नाही, तेल कमी, घर कसं छान उबदार. फक्त आपल्या आईला काही झेपत नाही असं त्याला वाटतं. त्या वाटण्यालाच मला उत्तर द्यायचं होतं.

जूनमध्ये मी लायलला कॉफीला बोलावलं आणि विचारलं, तुझी आई असती तर तिला काय सांगितलं असतंस? तो खिडकीशी उभा राहून मागच्या उंचवट्याकडे बघत राहिला. टाकीतलं पाणी शेवटी त्या मातीच्या उंचवट्यात जाऊन जिरतं. मग त्याने सांगितलं, गवत कापू नका. उन्हाळा संपता संपता कापणं बंद. उंच गवतात बर्फ अडकतो आणि तो भुसभुशीत बर्फच जमिनीची रजई होतो. कपडे एकाच दिवशी धुऊ नका, रोज थोडे धुवा, म्हणजे रोज थोडं गरम पाणी खाली जाईल. नळ गळत असेल तर आजच दुरुस्त करा. बारीक धार पाइपातून वाहत नाही, वाटेतच थिजते, थरावर थर चढतो. मी म्हटलं, माझ्या घरात एकही नळ गळत नाही. खोटं नव्हतंच ते.

गवत कापायचं नाही, हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे ते लंगोटीवर चर्चला जाण्याइतकं अवघड आहे. माझा नवरा रेइनो ऑक्टोबर संपेपर्यंत त्या उंचवट्यावरचं गवत असं भादरायचा, की वर चेंडू ठेवला तर घरंगळत तळ्यात जावा. आता तिथे ऑगस्टमध्ये गवत पोटऱ्यांना लागलं आणि सप्टेंबरात गुडघ्यांना. चर्चच्या बायका मला बरं आहे ना विचारायला लागल्या. एकीने तर बटाट्यांचं कॅसरोल आणून दिलं, मयताच्या घरी नेतात तसं. मी ते खाल्लं आणि गवत वाढू दिलं. सोमवारचं धुणंही मी मोडलं. पन्नास वर्षं सोमवारी धुतलेली बाई मी, आता रोज तीन कपडे धूत होते आणि दोरीवर ते बघून लोक काय म्हणत असतील याचा विचार करत होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी दोन रात्री डुलुथला गेले. परत आले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. उरलेल्या डोळ्याला पहिली गोष्ट दिसली ती माझा उंचवटा. तुळतुळीत, कडासुद्धा सरळ रेषेत.

कोणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. शेजारची विधवा गवताला हरली असं दिसलं, की आमच्याकडे कोणी विचारत बसत नाही. ती घरी नसताना येतं, कापतं आणि मागे शब्दही न ठेवता निघून जातं. आर्विडच्या पिढीचे नॉर्वेजियन तर यात पटाईत. राग आला, हे सांगायलाच हवं. इतका आला, की पट्टीखालचा डोळा ठणकायला लागला. ऑक्टोबरात कापलेलं गवत पुन्हा वाढत नाही. आर्विडने चांगुलपणाने माझं घर विकायला काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो माझा डोळा बघायला आला. मी कॉफी दिली. दुसरा कप दिला. इकडे भांडण तिसऱ्या कपाच्या आत सुरू करणं असभ्य समजतात. तिसरा कप ओतला आणि म्हटलं, “आर्विड, ते गवत मी राखलं होतं.”

“राखलं होतंस? सायमा, त्यात हरीण झोपलं असतं. मला वाटलं, तुझ्यानं होत नाही.”

“माझ्यानं सगळं होतं. ते माझ्या पाइपांचं पांघरूण होतं. तू ते ओढून नेलंस, वर कडा सारख्या करून गेलास.”

त्याचे कान लाल झाले. सेप्टिकचा सगळा प्रकार, कर्टिसची अट, ॲकॉर्डियन, सगळं मी त्याला सांगितलं. एवढं मोकळं मी रेइनोशीही बोलले नसेन. आर्विडने कप उपडा ठेवला, टोपी घातली आणि गेला. मला वाटलं, दुखावला.

सकाळी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढ्याचे चाळीस गठ्ठे घालून आला. आम्ही दोघांनी दोन दिवस ते सोडून पसरले, टाकीवर, पाइपाच्या वाटेवर आणि सगळ्या उंचवट्यावर, फूटभर जाड. आर्विड सवयीने पायांनी दाबून सारखं करायला गेला, तेव्हा मी काठी आपटली. दाबलेला पेंढा गार पडतो, मोकळा ठेव, दिसायला गबाळा असू दे. त्याला गबाळं बघवेना, म्हणून तो तळ्याकडे तोंड करून पसरत होता. वाऱ्याने उडू नये म्हणून वर काटक्या टाकल्या, आणि वाहून येणारा बर्फ अडावा म्हणून वायव्येला लाकडी पट्ट्यांची कुंपणं रोवली.

एक धोका उरला होता. आर्विडचे पुतणे थंडीत स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या फटफट्या, घेऊन माझ्या मागच्या जमिनीवरून तळ्याकडे जातात. त्यांच्या पट्ट्यांखाली बर्फ चेपला की गेली ती रजई. पाटी लावली तर त्या वेगात कोण वाचणार? मी रेइनोचे शिकारीचे केशरी कोट काढले. चार होते. खांबांना आडवी काठी बांधली आणि उंचवट्याच्या चार कोपऱ्यांवर ते चढवले. लांबून वाटायचं, चार माणसं माझ्या सेप्टिकवर पहारा देतायत. आर्विडने टोपी काढून त्यांना नमस्कार केला. रेइनोला हे आवडलं असतं. आयुष्यभर ज्या उंचवट्याची त्याने हजामत केली, त्याची राखण आता त्याचेच कोट करत होते.

नोव्हेंबरात कर्टिसचा फोन आला, की हिवाळ्याआधी टाकी उपसून घे. मी सांगितलं, भरलेली टाकी उबदार असते, रिकामी आधी गोठते. तो म्हणाला, आई, तू हे सगळं कुठे वाचलंस? मी फोन ठेवला.

डिसेंबर सरत आला तरी बर्फ जेमतेम घोट्याएवढाच पडला होता, आणि थंडी मात्र आली. ख्रिसमसनंतर चौथ्या सकाळी सिंकमधून घशात अडकल्यासारखा आवाज आला. टबमधलं पाणी उतरायला वेळ लागला. मी टबाच्या काठावर बसले. सगळं केलं होतं. गवत, पेंढा, कोट, रोजचं धुणं, सगळं. तरी तेच होत होतं, आणि का होतंय ते कळत नव्हतं.

धुण्याचे कपडे घेऊन तळघरात गेले. मशीन लावायचं विसरून पायरीवर बसून राहिले. नवी भट्टी आवाज करत नाही, म्हणूनच मला ऐकू आलं. टप. मग थोड्या वेळाने पुन्हा टप. सगळे नळ बघितले. कोरडे. मग भट्टीच्या मागे बोटभर जाडीची एक पारदर्शक नळी दिसली. ती भिंतीकडेने जमिनीतल्या मोरीच्या तोंडात सोडली होती. तिच्यातून पाणी येत होतं, थेंब थेंब, दिवसरात्र, जितकी थंडी जास्त तितकं जास्त.

लायल तासाभरात आला. त्याने टॉर्च मारून नळी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी मागे सरकवून कपाळ चोळलं.

“निस्कालाबाई, ही भट्टी कधी बसवली?” तो मला कायम आडनावानेच हाक मारतो.

“गोठलं त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात.”

“आणि मी मूर्ख तीनदा येऊन गेलो, पण तळघरात एकदाही उतरलो नाही. असल्या नव्या भट्टीत धुरातली वाफ निवून पाणी होतं, आणि ती बारीक धार पाइपात जाऊन थिजते.”

पाइपात बर्फाचं कडं नुकतंच धरलं होतं. गरम पाणी सोडल्यावर ते तासाभरात गेलं. पेंढा नसता तर पाइप केव्हाच बंद झाला असता, असं लायल म्हणाला, आणि ते मी त्याला आर्विडसमोर पुन्हा म्हणायला लावलं. नळी मोरीतून काढून आम्ही बादलीत सोडली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती बादली वर आणायची आणि लाकडांच्या शेडमागे ओतायची, हे माझं काम झालं. ओतलं की गोठायचं. हळूहळू तिथे टेकडी व्हायला लागली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शून्याखाली अडतीसचा अंदाज आला. शुक्रवारी दुपारी कर्टिस दारात. त्याच्या गाडीत मागे सामान भरायची, घड्या घातलेली पुठ्ठ्याची पंधरा-वीस खोकी होती. मी ती बघितली आणि आत वळले. बूट काढून तो सरळ संडासात गेला. मी चुलीशी माशांचं कालवण ढवळत उभी होते. ढवळणंही थांबवलं. पाणी सुटलं, घोंघावत खाली गेलं, फ्लशची टाकी भरली. मग त्याने पुन्हा सोडलं. मग टबाचा नळ पूर्ण उघडला आणि बराच वेळ पाणी खाली जाताना बघत बसला.

बाहेर आल्यावर म्हणाला, “अजून रात्र जायची आहे.”

रात्र गेली. सकाळी अडतीस. तळ्यावरचा बर्फ तोफा डागल्यासारखा तडतडत होता, आणि माझा मुलगा गरम पाण्याने अंघोळ करून कॉफी पीत होता. मी म्हटलं, तळघरातली बादली भरली असेल, शेडमागे ओतून ये. तो गेला. बराच वेळ आला नाही. खिडकीतून बघितलं तर टोपी न घालताच रिकामी बादली घेऊन उभा होता. समोर बर्फाची टेकडी, त्याच्या कमरेएवढी, नितळ, निळसर. मी कोट चढवून बाहेर गेले.

“आई, एवढं पाणी कुठून आलं?”

“तुझ्या भट्टीचं आहे. तीन आठवड्यांचं.”

“मागच्या वर्षी कुठे जायचं हे?”

“मोरीत. तिथून पाइपात.”

त्याने टेकडीवर हात ठेवला. हातमोजाही नव्हता. मागच्या हिवाळ्यात एवढं सगळं माझ्या पाइपात साचलं होतं हे त्याला कळलं, आणि ते तिथे कुणी घातलं होतं हेही कळलं. माझी बादली, ते पाच आठवडे, शेजाऱ्याच्या सौनात चोरून केलेल्या अंघोळी. त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावर थिजेल म्हणून मी त्याला आत चल म्हटलं. मला त्याची कीव आली आणि मला आनंदही झाला. दोन्ही खरं आहे, आणि आनंद जास्त होता.

“तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस, डिसेंबरात?” त्याने विचारलं.

“फोनवर सांगून तुला हे दिसलं नसतं.”

दुपारी मी आमचा सौना तापवला, आर्विडलाही बोलावलं. लाकूड ओलसर होतं, पेट घेईना. कर्टिस गाडीकडे गेला आणि खोकी घेऊन आला. एकेक फाडून तो चुलीत घालत होता आणि ती भसाभस पेटत होती. आर्विडने विचारलं, चांगली खोकी आहेत, कशाला आणली होती? माझा मुलगा म्हणाला, “जाळायलाच.”

पुढच्या शरदात भट्टीच्या नळीचं नीट काहीतरी करून देतो, तोवर उंचवट्याला कुणी हात लावू नका, असं त्याने बजावलं. हे त्याने आर्विडकडे बघत म्हटलं, आणि आर्विडने दगडांवर पाणी ओतलं.

त्या वर्षी तळं एप्रिलच्या पंचविसाव्या दिवशी बर्फातून मोकळं झालं. शेडमागची टेकडी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारपर्यंत टिकली. त्या दिवशी मी कर्टिसला फोन करून सांगितलं, की तीही आता गेली, आणि मी इथेच आहे.