पिराजीच्या कानातली शिट्टी

परंड्याच्या पिराजीला गुडघ्यांसाठी नवी गोळी सुरू झाली आणि तिच्यामागं दर मंगळवारी फोनही. नव्यानं बाजारात आलेल्या गोळीचा कुणाला त्रास होतो का, हे डॉक्टर चैताली विचारायची. बायको केशरबाई गेल्यापासून त्या घरात तेवढाच एक फोन वाजायचा. त्रास नसला की दोन मिनिटांत बंद.

मग पिराजीनं त्रास पिकवायला घेतला. "बाई, कानात शिट्टी वाजती." पुढच्या मंगळवारी, "आता तर किल्ल्यावरची तोफ शिंकलेली ऐकू येती!"

चैताली खळखळून हसली, पण शिट्टी तिनं लिहून घेतली. फोन वीस मिनिटं चालला.

आज मात्र ती म्हणाली, "आजोबा, तुमची गोळी बंद करा. कानाला धोका आहे, ही गोळी कुणालाच देऊ नका, असं सगळ्या डॉक्टरांना कळवायचं ठरतंय."

पिराजी चपापला. शेजारची लक्ष्मीबाई त्याच गोळीवर पुन्हा चालायला लागली होती.

"शिट्टी खोटी हाय, बाई. बोलायला कुणी न्हाय, म्हणून म्या रचली."

पलीकडून चैतालीनं विचारलं, "मग काय लिहू?"

"लिवा, कसलाच त्रास न्हाय."

फोन दोन मिनिटांत बंद झाला. पिराजीनं कान देऊन ऐकलं. तोफसुद्धा शिंकत नव्हती.