डाळजला झालेला बिरदेवचा दहावा

उत्कर्षा बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात फॅट तपासायची आणि उरलेल्या वेळात कॉमिक काढून दर शुक्रवारी इंटरनेटवर टाकायची. गोष्ट अशी की, यशराज नावाचा तरुण डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवतो आणि एका गेमच्या आत शिरतो. गेमचा नियम कडक होता. आत जो मेला, तो बाहेरही मेला. यशराजला फार घाई. पहिल्या भागात तो आत गेला, दुसऱ्यात त्याला तलवार मिळाली, तिसऱ्यात तो शेवटच्या दाराशी पोचला. तिथं त्याला राग येणं गरजेचं होतं, म्हणून उत्कर्षानं बिरदेव नावाचा एक ढालकरी आणला आणि दुसऱ्याच चौकटीत राक्षसाकडून मारून टाकला.

शनिवारी डाळजहून जयवंताकाकूंचा फोन आला. काकू भाजीचं रान बघायच्या आणि पुतणीचं कॉमिक मोबाइलवर नेमानं वाचायच्या.

"बिरदेव गेला ते खरं का गं?"

"हो काकू. पण तो गेममधला आहे."

"गेममधं गेला म्हंजी भाईर बी गेला. तूच लिवलंयस."

तिनं लिहिलं होतं खरं.

"घरी कोण कोण हाय त्याच्या?"

"ते अजून ठरवलं नाही."

"म्हंजी कुणीच न्हाय," काकू म्हणाल्या. "मग आमालाच बघाय पायजे."

काकू विसरतील असं उत्कर्षाला वाटलं. पण चार दिवसांत चुलतभाऊ अविराजनं तिला फ्लेक्सचा फोटो पाठवला. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. बिरदेव, आडनावाची जागा मोकळी. वर नुसतं लोखंडी शिरस्त्राण होतं. चेहरा काढायला वेळ लागतो म्हणून तिनं तो काढलाच नव्हता.

दहाव्याला ती रजा टाकून गेली. उजनीच्या पाण्याकाठी सतरंज्या टाकल्या होत्या. काका मुंडण करून गंभीर बसले होते. गुरुजींनी गोत्र विचारलं, तेव्हा सगळ्या माना उत्कर्षाकडं वळल्या. तिनं मान खाली घातली. "माहीत नसलं तर काश्यप धरतात," म्हणून गुरुजी पुढं गेले.

मग सावळारामतात्या बोलायला उठले. पंचक्रोशीतल्या प्रत्येक दहाव्याला तेच बोलत आणि बायाबापड्यांना रडवत.

"कैलासवासी बिरदेव," तात्यांनी सुरुवात केली आणि थांबले. "तिसऱ्या भागात आले. तिसऱ्या भागातच गेले." ते पुन्हा थांबले. "त्यांचा सोभाव..."

"मनमिळाऊ," उत्कर्षा हळूच म्हणाली.

"मनमिळाऊ व्हता. आनखी?"

आणखी तिनं काही ठरवलंच नव्हतं. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "इतकी वर्सं बोलतोय, पर असा माणूस न्हाय बघितला," असं म्हणून ते खाली बसले. कुणालाही रडू आलं नाही. त्याचंच सगळ्यांना फार वाईट वाटलं.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, पण एकही खाली येईना.

"यशराजला आमी सांबाळू," काका हात जोडून म्हणाले. कावळे हलले नाहीत.

"तुज्या बहिनीचं लगीन लावून देऊ."

"त्याला बहीण हाय का?" कुणीतरी विचारलं, आणि पुन्हा माना उत्कर्षाकडं वळल्या.

ऊन चढलं. काकू तिच्याजवळ येऊन बसल्या. "त्याची काय तर विच्छा राहिली आसंल. तुला नसंल म्हाईत, तर कुणाला आसंल?"

उत्कर्षानं फोन काढला आणि ती चौकट पहिल्यांदाच नीट पाहिली. बिरदेव ढाल घेऊन राक्षसासमोर उभा होता. शिरस्त्राणाला डोळ्यांसाठी भोकंच नव्हती. ती काढायची राहून गेली होती. यशराजला वाचवायला तो पुढं झाला, असं तिनं खाली लिहिलं होतं. पण त्या माणसाला राक्षस दिसलाच नव्हता. तो कुठल्यातरी अंधारात, कुठंतरी ढाल धरून उभा होता.

ती पिंडाजवळ गेली.

"तुला घर देते," ती म्हणाली. "चेहरा देते. सावकाश काढते."

एक कावळा उतरला, इकडंतिकडं बघून भाताचं शीत उचलून गेला. मग बाकीचे आले. लोक हातपाय धुऊन जेवायला बसले.

पुढच्या शुक्रवारी कॉमिकमध्ये यशराज दाराशी तलवार उगारून उभा राहिला आणि गोष्ट मागं वळली. बिरदेव लोणी भापकरचा निघाला. त्याला आई होती, एक बहीण होती, आणि बोलताना मान खाजवायची सवय होती. एक अख्खा भाग त्यानं पाटाचं पाणी वाफ्यात वळवलं. दुसऱ्या भागात बहिणीशी भांडला आणि न जेवता झोपला. वाचक चिडले. राक्षस कुठं गेला, यशराजचा हात दुखत नाही का, असं लिहू लागले. बरेचसे सोडूनही गेले. उत्कर्षाला त्याचं वाईट वाटलं, पण बिरदेवनं अजून चष्मा विकतसुद्धा घेतला नव्हता.

एके दिवशी काकूंचा फोन आला.

"आता त्याला परत मारनार का गं?"

"मारावं लागेल काकू. पुढची गोष्ट तशीच आहे."

"बहिनीचं लगीन तेवडं हू दे," काकू म्हणाल्या. "आनि लग्नाची घाई करू नगंस. अजून स्थळं बी बघितली न्हाईत."