खोटं माप

तिने लहरी मोजणाऱ्या सेन्सरची केबल मुठीत घट्ट धरली.

“हात काढ!” दादा चाचणीच्या खोलीच्या काचेपलीकडून ओरडला. “चाचणी चालू आहे.”

“स्क्रीनवरचा आकडा वाच.”

तो वाचेना. तिने मूठ वीतभर पुढे सरकवली. काचेतून तिलाही दिसत होतं: बावन्नचा आकडा अडतीसवर आला. हात काढला, पुन्हा बावन्न. चाळीसच्या वर गेलं की यंत्र नापास.

यंत्र तिचं होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पोटाला बांधायचा पट्टा; श्वास थांबला की नर्सला हाक देणारा. त्यातून निघणाऱ्या लहरी शेजारच्या उपकरणांना त्रास देतील, असा शेरा मारून या प्रयोगशाळेने तो तीनदा परत पाठवला होता. प्रयोगशाळेचा प्रमुख तिचा सख्खा भाऊ. दर वेळी तिने पट्टा उसवला, आत तांब्याच्या जाळीचा आणखी एक थर घातला. शेवटी तो इतका जड झाला की इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पट्टा बाळाला बांधायचाय, की बाळ पट्ट्याला?” इस्पितळाने नाद सोडला.

“केबलला हात लावून आकडा बदलतो कसा?” ती बाहेर येत म्हणाली. “तुझा सेन्सर नाही, केबल मोजतेय. बॅलन उघड.”

बॅलन म्हणजे सेन्सर आणि केबल यांना जोडणारी बोटभर डबी. केबलने हवेतून स्वतःच गोळा केलेल्या लहरी मोजमापात मिसळू द्यायच्या नाहीत, एवढंच तिचं काम. दादाने स्क्रू काढले. आतलं, नको त्या लहरी अडवणारं फेराइटचं कडं तडकलं होतं. त्यावरच्या तारेचा एक टाका सुटला होता.

नवा बॅलन लावला. एकतीस.

दादाने सुस्कारा सोडला. “चला, सुटलीस एकदाची.”

“सुटले?” तिच्या कपाळाची शीर उडत होती. “दुसऱ्या कुणाचा आकडा एवढा चढला असता, तर आधी काय तपासलं असतंस?”

तो स्क्रू गोळा करत राहिला.

“मी काहीतरी विचारतेय.”

“बॅलन.”

“आणि माझ्या वेळी?”

“लोक म्हणाले असते, बहीण नापास झाली म्हणून उपकरणातच खोट काढतोय. तुला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून...”

“म्हणून खोटं माप दिलंस.”

तिने टेबलावरचा कोरा कागद त्याच्यापुढे आपटला. “तिन्ही शेरे रद्द. चूक प्रयोगशाळेची. लिही.”

त्याने लिहिलं. सही करून झाल्यावर हळूच म्हणाला, “इस्पितळात मी फोन करतो. डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत.”

“माझं यंत्र ओळखीवर नको. उद्या नऊला त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बस. बोलावलं की हा कागद तू स्वतः वाचून दाखवायचा.”

“किती वेळ लागेल?”

“मला त्यांची भेट मिळायला पाच खेपा लागल्या.”

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम अकराला गेली. दादा बाकावर होता, कागद मांडीवर. डॉक्टरीणबाई घाईघाईने समोरून गेल्या. त्याने मान वर केली नाही.

“बोलावलं?”

“अजून नाही.”

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.