कुस्करलेली द्राक्षं

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या झग्यातला बाबा गरजत होता, "मी मंत्र म्हणत नाही, डोळे मिटायला सांगत नाही! यंत्रालाच विचारा. यंत्र कधी लाच खातं का?"

एकेक मधुमेही वर येई आणि मूठभर पिकली द्राक्षं हातात कुस्करी. त्यानं म्हणे रोग बोटांशी गोळा होतो! मग बोटाला टोचून साखर मोजली, की पडद्यावर आकडा चारशेच्या घरात. बाबाच्या परातीतल्या पाण्यात हात धुवायचे, पुसायचे, पुन्हा टोचायचं, की आकडा निम्म्याहून खाली! टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक इन्सुलिनची पेनं खुशाल टोपलीत टाकत होते.

पलीकडच्याच सभागृहात संशोधक बाईंचा सत्कार चालला होता. शरीरात इन्सुलिन कसं तयार होतं, याच्या अभ्यासात उभं आयुष्य घातलं म्हणून पदक. समोर चार टाळकी, त्यातलं एक माइकवाल्याचं. रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानताना हसावं की रडावं, बाईंना कळेना. धाकट्या बहिणीचीही खुर्ची रिकामीच. लहानपणापासून इन्सुलिनवर जगणारी ही बहीण. तिच्यापायीच तर बाई या वाटेला लागल्या होत्या. तेवढ्यात बाहेरच्या भोंग्यातून तिचाच आवाज आला, "आजपासून माझी सुई बंद!"

बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. सुई बंद म्हणजे पोरगी चार दिवसांची सोबती. भाषण अर्धवट टाकून त्या धावत सुटल्या आणि गर्दी रेटत थेट मंचावर चढल्या.

"थांब! पेन टाकू नकोस."

"ताई, चारशेवरून एकशेतीस! डोळ्यांनी पाहिलंय मी."

"सकाळची सुई घेतली होतीस ना? एकशेतीस तिच्यामुळे."

"मग आधी चारशे कसे आले?"

बाईंनी सरळ मूठभर द्राक्षं कुस्करली. "मला मधुमेह नाही. टोच."

"श्रद्धा हवी, बाई, श्रद्धा!" बाबा चुळबुळला. पण धाकटीनं टोचलंच. पडद्यावर चारशेच्या वर! बाईंनी मंचाखालच्या साध्या नळावर हात धुतले, कोरडे केले, पुन्हा बोट पुढे केलं. शंभरच्या आत.

"यंत्र खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "रक्ताच्या थेंबात बोटावरचा रस मिसळला, की ते बिचारं रसातली साखरही मोजतं. पहिला आकडा द्राक्षांचा, दुसरा तुमचा. रोग होता तिथेच आहे!"

बाबा झगा सावरत मंचामागून सटकला. लोक आपापली पेनं शोधायला टोपलीवर तुटून पडले. बाईंचे आभार कुणी मानले नाहीत. "बरं वाटत होतं, तेही घालवलंत," एक आजोबा जाता जाता म्हणाले. ते बाईंना फार लागलं.

मैदान ओस पडल्यावर दोघी मंचाच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे जन्मभर सुई?"

"आज तरी दुसरा उपाय नाही गं."

"तो भोंदू होता, पटलं. पण त्यानं विचारलं, 'थकलीस का पोरी?' तू फोन केलास की फक्त साखर किती ते विचारतेस."

बाईंना भडभडून आलं. "थकलीस का?"

"खूप," धाकटी म्हणाली, आणि रडत रडतच तिनं संध्याकाळची सुई टोचून घेतली.

तेव्हा मंडळी, कुणी आकडा दाखवून दिपवू लागला, तर विचारा: कशाचा आकडा? मोजण्याआधी हात धुतले होते का? आणि घरातल्या आजारी माणसाला 'थकलास का?' हे तुम्हीच विचारा. नाहीतर विचारायला बाबा टपलेलेच आहेत.