चेहरा बेगायीमचा, धड दुसरीचं

मी फोटो बोलतोय. तोंड फिरवू नका, मला बघितलंय तुम्ही.

माझा जन्म ओश शहरातला. होणाऱ्या सासूनं मुलीच्या कानात कानातलं घातलं की लग्न ठरलं, अशी आमच्याकडची रीत. बेगायीमला घातलं तेव्हा मावश्या-काकवांनी लगेच शूटिंग करून गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. टाकल्याशिवाय यांना जेवण जात नाही! तिथून कुणीतरी तिचा चेहरा उचलला, एका उघड्या बाईच्या धडाला चिकटवला. झालो मी. माझा बाप कोण, मलाही ठाऊक नाही.

"बघवत नाही गं बाई," म्हणत लोक बघायचे आणि पुढं धाडायचे.

तिची आई सालकिन हादरली. अब्रूच्या भीतीनं तिनं घरातल्या सगळ्या फोनमधून मला पुसून टाकलं. मग दोघी पोलिसात गेल्या.

"फोटो कुठाय?" साहेबानं विचारलं.

"पुसला."

"पुरावाच पुसलात? बरं, केलं कुणी?"

"ते तुम्ही शोधायचं ना, साहेब?"

"ज्या ॲपवर फोटो फिरतोय, ते परदेशी कंपनीचं. पत्र राजधानीतून जाणार, उत्तर आलं तर आलं. आधी फोटो आणा. आणि तो कुणी पाठवला, हे सही करून सांगणारा माणूस आणा."

दोघी दारोदार फिरल्या. मला दोन बोटांनी मोठं करून बघणारे म्हणाले, "आमच्याकडे? छे! असलं आम्ही बघतच नाही." मी त्यांच्या खिशातच होतो की!

मग होणारी सासू तुर्सुनाय आली. "बघ लेकीचे प्रताप!" म्हणत तिनं फोन सालकिनच्या नाकापुढं धरला.

बेगायीमनं कानातलं काढून तिच्या हातावर ठेवलं. "घ्या, मावशी. आता आई म्हणत नाही. लग्न राहू द्या, पण ठाण्यात चला. फोटो कुणी पाठवला, एवढंच सांगा."

"माझ्या भावजयीनं पाठवलाय. तिला पोलिसात ओढू? डोकं फिरलंय का तुझं?"

कानातलं पर्समध्ये गेलं, फोनही गेला.

तक्रार अजून नोंदलेली नाही. माझा बाप मजेत असेल. आणि तुम्ही? "बिच्चारी" म्हणता आणि मला जपून ठेवता. तुमच्या लेकीच्या वाढदिवसाचे फोटोही त्याच ग्रुपवर टाकता. तिचाही चेहरा गोड आहे हो, सहज चिकटेल.

उद्या बेगायीम पुन्हा दारोदार निघणार आहे. तुमच्या दाराशी आली, तर "नाही" म्हणू नका. खिशात हात घाला आणि काढा मला बाहेर.