चौकाची भिंत

हिरीच्या खोलीची मागची भिंत बारा महिने पाझरायची, आणि जे पाझरायचं त्याला पाणी म्हणायला जीभ वळायची नाही. छताच्या कोपऱ्यातून काळसर ओघळ निघायचा, भिंतीच्या मध्यावर येऊन पसरायचा आणि खाली फरशीशी शेवाळ धरायचा. त्या शेवाळात बारीक पांढरे किडे वळवळत. सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला की आधी वास यायचा, मग चहा. पाहुणा आला की हिरी मुद्दाम सुकट भाजायला घ्यायची. सुकटीचा वास घटकाभराने जायचा. हा तसाच बसून राहायचा, पाय पसरून, घरजावयासारखा.

खोली डहाणू रोडला, स्टेशनामागच्या गल्लीत. खाली भाड्याच्या तीन खोल्या, वर मालकाचं लॉज. हिरी, तिचा नवरा रघ्या आणि मुलगा मिथुन वेवजीहून इथे आले त्याला सात वर्षं झाली. हिरी चिकूच्या वखारीत माल निवडायची. नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. तिच्या नखाला फसवणारा चिकू अजून झाडाला लागला नव्हता. तेच नख तिने एकदा त्या भिंतीला लावलं, तर गिलावा लोण्यासारखा निघाला आणि नखात जे अडकलं ते तीन दिवस लिंबाने घासूनही जाईना. ते तीन दिवस ती डाव्या हाताने जेवली.

आणि आता माघ लागला होता. मिथुनचं लग्न वीस दिवसांवर. नवरी तलासरीकडची, निलम. लग्न म्हटलं की चौक आला. भिंत शेणमातीने सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा, सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक रेखायचा आणि धवलेरी बाईने गाऊन गाऊन त्यात पालघट देवीला बसवायचं. देवी बसली नाही तर लग्न लागत नाही. वेवजीचं घर दिराने पाडून पत्र्याचं केलं होतं. पत्रा काही शेणमाती धरत नाही. इथल्या खोलीत एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीला ओटा. देवीला उरली ती हीच.

"ह्या भिंतीवर देवी बसवू?" हिरी रघ्याला म्हणाली. "मी तर ह्या भिंतीला पाठ टेकून बसत नाही."

"शेठला सांग ना परत."

"मीच सांगू? तुला तोंड नाही?"

रघ्याने तोंड असल्याचा पुरावा म्हणून तंबाखू मळून त्यात टाकली.

सांगून थोडं झालं होतं का! मालक सुनिलशेठ माणूस गोड. नाही कधी म्हणायचा नाही. पावसाळ्यात म्हणाला, पाऊस जाऊ दे. पाऊस गेला, तर म्हणाला, ही समुद्राची हवा, डहाणूत कुणाची भिंत कोरडी आहे? दिवाळीत मात्र स्वतः खाली उतरून आला. "हिरीबाई, वर काउंटरमागे तुमच्या वारली लोकांचं चित्र काढून दे ना. मुंबईचं, सुरतचं गिऱ्हाईक येतं, त्यांना आवडतं. तू माझी भिंत रंगव, मी तुझी नीट करतो." हिरीने चार दिवस सुट्टी काढून चित्र काढलं. झाडं, मोर, तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल नाचणारी माणसं. देवी तेवढी काढली नाही. देवी काय काउंटरमागे उभी राहायला असते? लोकांनी फोटो काढले. शेठने तिला अर्धा किलो पेढे दिले. तिची भिंत पाझरत राहिली.

मग लग्न जवळ आलं तशी हिरीनेच एक चूक केली. कुडाच्या भिंतीला ओल आली की शेणमातीचा एक हात द्यायचा, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. तिने वखारीमागच्या गोठ्यातून शेण आणलं आणि त्या सिमेंटच्या भिंतीला लावलं. दोन दिवसांनी ते सगळं खपलीसारखं सुटून खाली आलं, रघ्याच्या अंथरुणावर. शेठ पाहायला आला, दारातूनच, नाकाला रुमाल लावून. आणि त्याचा चेहरा उजळला.

"बघ! सिमेंटच्या भिंतीला शेण फासतं का कुणी? तुमच्या शेणानेच ओल धरली. आता मी काय करू, बाई?"

हिरीने शेणाने भरलेलं अंथरूण गुंडाळलं. सात वर्षं ह्याची घाण तिच्या डोक्यावरून उतरत होती आणि हा तिच्या शेणाला नाक मुरडत होता. शेण! ज्याने अंगण पवित्र करतात ते.

शेजारच्या खोलीतली ठकी वर लॉजच्या खोल्या झाडायची. तिने ऐकलं आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "ते वरच्या चार नंबरच्या संडासाचं आहे गं. तिथे पाणी सोडलं की तुझ्याकडे ओघळ येतो, मी पाहिलंय."

"तू पाहिलंस. शेठला कोण दाखवणार?" हिरी विचारात पडली. "गेरू कालवून ओतू या वरून? लाल उतरेल."

ठकी खदखदून हसली. "गेरू? तो म्हणेल, बाई, हा तुझ्याच चौकाचा रंग. नीळ ओतू. चादरींच्या निळीच्या बाटल्या माझ्याच हाताखाली असतात."

दुसऱ्या दिवशी हिरीने वखारीत दांडी मारली. सकाळी ठकीने चार नंबरच्या भांड्यात नीळ ओतली आणि वर बादल्यांवर बादल्या पाणी. दुपारी जेवायच्या वेळेला छताच्या कोपऱ्यात एक निळा थेंब फुटला. मग दुसरा. मग काळ्या ओघळाच्या कडेने निळी रेघ सरसरत खाली आली, शेवाळात शिरली, आणि पांढरे किडे निळे झाले. रघ्या ताट घेऊन बाहेर जाऊन बसला.

शेठला बोलावलं. त्याने पाहिलं.

"नीळ कुणी टाकली?"

"कुणी का टाकेना. उतरली कुठे ते बघा."

"बघतो ना. नाही कुठे म्हणतोय? प्लंबर गावाला गेलाय. लग्न उरकून घ्या, मग निवांत करू." आणि जाता जाता, अगदी मायेने, "तोवर त्याच्यावर एक छानसं चित्र काढ ना. झाकून जाईल."

झाकून जाईल! देवीने पदर पसरून ह्याच्या गिऱ्हाइकांची विष्ठा झाकायची! तिने कोपऱ्यातलं खुरपं घेतलं, साडी खोचली, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि भिंत खरवडली. गिलावा, शेवाळ, निळा काळा चिकटा, किड्यांसकट. घमेलं भरलं. ते डोक्यावर घेऊन ती जिना चढली.

काउंटरवर शेठची बायको दक्षाबेन बसली होती. समोर सुरतचं एक जोडपं बॅगा घेऊन उभं. मागच्या भिंतीवर हिरीचीच माणसं तारप्याभोवती नाचत होती. हिरीने घमेलं बरोबर रजिस्टरवर ठेवलं.

"अरे अरे, आ शूं छे?" दक्षाबेन खुर्चीसकट मागे सरकली.

"तुमच्या पाव्हण्यांचं आहे, बेन. चुकून आमच्याकडे आलं. रोज येतं. आज परत आणून दिलं, उद्यापासून रोज आणून देईन."

घमेल्याच्या कडेवरून एक किडा निघाला, रजिस्टरवर दोन बोटं चालला आणि थांबला. सुरतच्या बाईने तोंडावर ओढणी घेतली आणि बॅग न घेताच जिना उतरली. शेठ आतून धावत आला. "हिरीबाई, असं करतात का? बघतो म्हटलं ना मी!"

"बघा ना. म्हणून तर वर आणलं. तिथे तुम्हाला दारातून दिसत नव्हतं."

दक्षाबेनने पदर नाकाशी धरला आणि घमेल्याकडे लावलेली नजर जशीच्या तशी नवऱ्यावर नेली. "सुनिल, प्लंबरला फोन करो. हमणां ज, आत्ताच्या आत्ता. हे इथून उचलल्याशिवाय मी पाणी पिणार नाही."

गावाला गेलेला प्लंबर अर्ध्या तासात आला. तो पुढच्याच गल्लीत राहत होता.

भिंत फोडली तेव्हा आतला सांधा उघडा पडला. पाइपला पाइप बसवलाच नव्हता; सिमेंटची रिकामी गोणी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. प्लंबर म्हणाला, "हे बांधतानाच असं केलेलं आहे." शेठ तेव्हा फोनवर बोलत होता, की बोलल्यासारखं करत होता. हिरीला त्याच्याशी भांडावंसंही वाटेना. भांडायला समोरच्याला हात लावावा लागतो, निदान शब्दाने तरी. तिला तेवढंही नको झालं.

पाइप बदलला, नवा गिलावा झाला, दहा दिवस उन्हाने आणि पंख्याने सुकला. मग हिरीने वेवजीहून बापाच्या शेताच्या बांधावरची माती आणवली, शेण कालवलं आणि भिंत सारवली. ह्या वेळी धरली. गेरू दिला. लग्नाच्या आदल्या दुपारी सवाशिणी पीठ कालवून, बांबूच्या काड्या घेऊन बसल्या. धवलेरीचं नाव सुकी, म्हातारी, पण आवाज ओढ्यासारखा:

"सारव गं बाय, भिंत भरभर,
देवी माझी आली वाटेवर,
कुठे ठेवू तिचे पाय ओले,
कोरड्या भिंतीचं दार खोले…"

चौकाच्या चारी कडा झाल्या. आत देवीचे हात निघू लागले. तेवढ्यात वर चार नंबरला कुणीतरी साखळी ओढली.

गाणं थांबलं. काड्या हातात तशाच राहिल्या. पाणी भिंतीच्या आतून घडघडत उतरलं, देवीच्या डोक्यामागून, खांद्यामागून, पायांमागून, आणि खाली जमिनीत गेलं. ठकीने हिरीकडे पाहिलं. हिरी उठली. तिने देवीच्या बाजूला, चौकाबाहेर, गेरूवर नख लावलं. जरासं खरवडलं. नाकाशी नेलं.

माती. शेण. जुन्या गोठ्यासारखा कोमट वास.

"गा," ती सुकीला म्हणाली.

ती दारात गेली. जिन्याच्या पायरीशी सुनिलशेठ उभा होता, हातात मोबाइल, मागे दोन पाहुणे. "हिरीबाई, ह्यांना खरीखुरी वारली बघायचीय. दोनच मिनिटं."

हिरीने गटाराच्या बाजूला तोंड वळवलं, थुंकली, आत येऊन दार लोटलं आणि कडी घातली.