सहीआधीची चूक

पाटीवाले परक्या देशात आले ते चित्रकार व्हायला. पोट भरलं मात्र दुकानांच्या पाट्या रंगवून. सुट्टीच्या दिवशी ते मागे सुटलेल्या घराची चित्रं काढायचे. अंगण, हिरवं दार, दाराखालची पायरी, कडेला बादली. त्यात बायकोसाठी एक चूक मुद्दाम पेरून ठेवायची, ही त्यांची जुनी खोड. बायको चष्मा चढवून चित्रापुढे उभी राहायची नि म्हणायची, "अहो, बादली डावीकडे असायची!" मग बादली हलायची आणि तेव्हाच सही व्हायची.

नव्या चित्रकलेचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. मुलगी चित्रसंग्रहालयात कामाला. तिनं एकदा हौसेनं नेलं, तर नुसत्या लाल रंगाच्या भल्यामोठ्या चित्रापुढे उभं राहून यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "अस्तर छान बसलंय. चित्र कधी काढणार?" मुलीला कुठे तोंड लपवू असं झालं. "माणूस काढला तर त्याला नाक-डोळे नकोत?" हे त्यांचं ठाम मत, आणि त्यावर अपील नव्हतं.

मग बायकोची नजर गेली. सगळी नाही. डॉक्टर म्हणाले, बारीकसारीक दिसणार नाही, रंगांचे मोठे पट्टे तेवढे कळतील. त्यानंतरचं चित्र पाटीवाल्यांनी तिच्यापुढे धरलं, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालंय हो." चूक काही तिला सापडली नाही. ते 'छान' त्यांना इतकं लागलं, की चित्र बिनसहीचंच भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. पुढची चित्रंही त्याच रांगेत गेली.

एके सकाळी त्यांनी पाट्यांच्या रंगांचे उरलेले डबे काढले, बारीक ब्रश बाजूला सारले आणि पाटीएवढ्या फळीवर रुंद ब्रश चालवू लागले. वर जांभळट पट्टा, खाली नारिंगी ऊन, मधे एक उभा चौकोन, त्याखाली आडवी राखाडी पायरी. मुलगी कामावर निघता निघता दारातच थांबली.

"बाबा, अस्तर छान बसलंय हं."

"गप्प बस. आईला बोलाव."

त्यांनी हात पुसले. आज बायकोनं पुन्हा 'छान' म्हटलं तर ब्रश कायमचे धुऊन ठेवायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

बायको आली. मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेनं बघत राहिली.

"आपलं अंगण," ती म्हणाली. मग कपाळाला आठी पडली. "अहो, दार निळं कुठे होतं? हिरवं होतं!"

पाटीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. हिरव्याचा डबा उघडून त्यांनी एका दमात दार बदललं आणि सहीसाठी ब्रश उचलला.

"थांबा. अजून एक चूक आहे."

"आता कुठली? मी तर एकच पेरली होती!" बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"पेरता ते मला लग्नापासून ठाऊक आहे," बायको म्हणाली. "ऊन पायरीपर्यंत आलं म्हणजे मी तिथे बसलेली असायची, पिवळी शाल घेऊन. मी कुठाय?"

त्यांनी पायरीवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका टेकवला. ना नाक, ना डोळे. "दिसतेस?"

"दिसते की! पण मला एकटीला का बसवलंत?"

पाटीवाल्यांनी पुन्हा ब्रश उचलला. सही ते नेहमी खालच्या कोपऱ्यात करत. त्या दिवशी त्यांनी ती पायरीवर केली, पिवळ्या ठिपक्याला अगदी खेटून.